लिंक द्यावी की नाही? इंटरनेटवरच्या याद्यांची एक छोटी गोष्ट

२०१७च्या दिवाळीत मी गावी, जऊळक्याला होतो. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा म्हणाले, "गुरुजींनं बोलावलं तुले. आत्ताच जाय."

गुरुजी म्हणजे बाबांचे शाळेतले मास्तर. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. निवृत्तीनंतर त्यांनी वऱ्हाडी शब्द आणि म्हणी गोळा केल्या होत्या. अकोल्याच्या एका छापखान्यातून स्वखर्चाने पाचशे प्रती छापून घेतल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त अजून पलंगाखाली गठ्ठे बांधून पडलेल्या होत्या.

मी पाया पडलो, तर त्यांनी नातवाचा फोन माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर माझीच साइट उघडी होती.

"हे तुह्यं हाय?"

"हो गुरुजी."

"मंग माह्यं पुस्तक फुकट वाटाले तुले कोनं सांगतलं?"

मी ते पुस्तक वाटलेलं नव्हतं. माझी साइट म्हणजे मराठी संकेतस्थळांची विषयवार यादी, इतकंच. त्या यादीत 'पुस्तके' या विभागात मी एका साइटची लिंक दिली होती आणि त्या साइटवर शेकडो मराठी पुस्तकांच्या पीडीएफ होत्या. त्यातली एक गुरुजींची निघाली. कुणीतरी ती स्कॅन केली होती आणि पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा गोल शिक्काही दिसत होता.

"गुरुजी, मी फक्त लिंक दिली," मी म्हणालो.

"म्हंजे चोराचं घर दाखोलं," गुरुजी म्हणाले.

या एका वाक्यावर मी तेव्हापासून विचार करतोय. घर दाखवणाऱ्याचा दोष किती? त्याने घरात जाऊन आधी बघायला हवं का? आणि घरात चोरीच्या मालाबरोबर प्रामाणिक मालही असेल तर? उत्तर शोधताना मला कळलं की हे प्रश्न इंटरनेटवर याद्या करणाऱ्या हजारो लोकांना पडून गेलेत. आणि त्याच्या कितीतरी आधी पुस्तकांच्या याद्या करणाऱ्यांनाही.

गुगलच्या आधीची यादी

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'वेब डिरेक्टरी' ही चीज पाहिलेलीच नसेल. आज आपण शोधतो म्हणजे चौकटीत शब्द टाकतो. नव्वदच्या दशकात लोक शोधायचे ते फळ्या चाळत. कला, मग साहित्य, मग भाषा, मग मराठी असं एकेक पायरी उतरत जायचं आणि शेवटी साइटची नावं दिसायची. प्रत्येक नावापुढे एका-दोन ओळींचं वर्णन असायचं. ते वर्णन माणसाने लिहिलेलं असायचं.

यातली सगळ्यात मोठी स्वयंसेवी यादी म्हणजे डीमॉझ. जून १९९८मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल या अमेरिकेतल्या दोन इंजिनिअरांनी ती 'ग्नूहू' या नावाने सुरू केली. लगेच नाव बदलून 'न्यूहू' झालं, त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने ती विकत घेतली आणि 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट' हे अधिकृत नाव पडलं. डिरेक्टरी आणि मोझिला या दोन शब्दांवरून 'डीमॉझ' हे टोपणनाव आलं आणि तेच टिकलं. गंमत म्हणजे आमचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला. म्हणजे आमचा जिल्हा आणि ही यादी एकाच पावसाळ्याच्या तोंडाशी जन्मले.

यादीतली माहिती कोणालाही फुकट वापरता यायची. गुगलने २००० साली स्वतःची डिरेक्टरी काढली तीही डीमॉझच्याच नोंदींवर, आणि २०११पर्यंत चालवली. शेवटी शेवटी डीमॉझमध्ये ३८ लाखांहून जास्त साइट, १० लाखांहून जास्त विभाग आणि ९० भाषा होत्या. इतक्या वर्षांत ९० हजारांहून जास्त संपादक येऊन गेले होते, सगळे बिनपगारी. भाषांच्या फळीत मराठीही होती.

मी २०१६च्या हिवाळ्यात मराठी विभागाचा संपादक व्हायला अर्ज केला. नमुन्यादाखल दोन-तीन साइट सुचवायच्या आणि त्यांची वर्णनं लिहून दाखवायची, अशी पद्धत होती. उत्तर यायच्या आतच, १७ मार्च २०१७ला डीमॉझ बंद झालं. मग मी हट्टाने स्वतःची यादी सुरू केली. डीमॉझच्या संपादकांसाठी लिहिलेले नियम इंटरनेटवर साठवलेले होते. ते मी वाचून काढले आणि माझ्या यादीला लागू केले. एक नियम सोडून.

तो एक नियम

डीमॉझच्या नियमांत बेकायदा साइटबद्दल एक छोटा परिच्छेद होता. त्याचा सारांश असा: बेकायदा मजकूर असलेल्या साइट यादीत घेऊ नयेत. उदाहरणं चार. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर, बदनामी, कॉपीराइटसारख्या हक्कांचा भंग करणारा मजकूर, आणि फसवणूक किंवा हिंसा यांना थेट चिथावणारा किंवा मदत करणारा मजकूर.

वाचायला अगदी सोपं. करायला बसलं की प्रत्येक उदाहरण वेगळ्याच वाटेने नेतं.

पहिल्या प्रकारात विचार करायला जागाच नाही. पण इथे संपादकाची एक वेगळी अडचण होते. 'खात्री करायला' म्हणून अशी साइट उघडून बघणं हाच आपल्याकडे गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ब हे कलम २००९पासून लागू आहे. त्यात असा मजकूर बनवण्याइतकंच तो शोधणं, बघणं, उतरवून घेणंही येतं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असा मजकूर नुसता बघणं आणि जवळ ठेवणं गंभीर मानलं. म्हणून इथे नियम उलटा: तपासायचं नाही, उघडायचं नाही, मित्राला 'हे बघ' म्हणून पाठवायचं नाही. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर पत्ता कळवायचा आणि मोकळं व्हायचं.

दुसरीकडे काही साइट अशा की गुन्हा आहे की नाही हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. समजा, पणजीच्या मांडवी नदीतल्या एखाद्या कॅसिनो जहाजाची साइट यादीसाठी आली. गोव्याने स्वतःच्या कायद्यात १९९२ आणि १९९६मध्ये बदल करून आधी पंचतारांकित हॉटेलांना आणि मग जहाजांना परवानगी दिली. महाराष्ट्राने १९७६मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्दच केला. म्हणजे तीच साइट बांद्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी. आणि वेळेचंही तसंच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला. आदल्या महिन्यात ज्यांच्या जाहिराती क्रिकेटपटूंच्या जर्सीवर होत्या, त्यांच्याबद्दल पुढच्या महिन्यात यादीवाल्याने काय करायचं?

तिसरा प्रकार पुस्तकांचा. मी जो नियम सोडला तो इथला. 'हक्कांचा भंग' ही ओळ मी वाचली आणि पुढे सरकलो. कारण खरं सांगू? मी ज्या जगात वाढलो त्यात भंग हा शब्दच नव्हता.

वहीतली डिरेक्टरी

मी शाळेत असताना आमच्या भागात मोबाइलचं दुकान म्हणजे मेमरी कार्ड भरून देण्याचं दुकान. दहा-वीस रुपये द्यायचे आणि गाणी भरून घ्यायची. सिनेमाचे थोडे जास्त. दुकानदाराकडे एक शंभर पानी वही होती. तिच्यात निळ्या शाईने साइटचे पत्ते लिहिलेले: गाणी इथे, पिच्चर इथे, रिंगटोन इथे. एखादी बंद पडली की त्यावर काट मारून शेजारी नवीन पत्ता. अकोला-पूर्णा लाइन ब्रॉडगेज होऊन गाड्या वाढल्या होत्या, त्यामुळे अकोल्याहून कोणी नवीन पत्ता आणला की संध्याकाळपर्यंत तो वहीत चढायचा.

मी पाहिलेली पहिली वेब डिरेक्टरी ही. विषयवार, रोज तपासलेली, मेलेल्या लिंक काढलेली. आणि जवळजवळ संपूर्ण बेकायदा.

त्या दुकानदाराला कोणी चोर म्हणत नव्हतं. इंटरनेट महाग होतं, थिएटर लांब होतं, कॅसेटची दुकानं बंद पडली होती. पण त्या वहीत ज्यांचा माल होता ते मुंबईत, चेन्नईत, दिसत नव्हते. गुरुजींच्या ओट्यावर बसल्यावर पहिल्यांदा मला त्या मालाचा मालक समोर दिसला. त्याचं धोतर, त्याचा चष्मा, त्याच्या पलंगाखालचे गठ्ठे दिसले.

यादीत चांगलं आणि वाईट एकत्र असतं तेव्हा

मी म्हणालो, "गुरुजी, काढतो लगेच." फोनवरूनच काढायला बसलो आणि थांबलो.

कारण त्या साइटवर साने गुरुजी होते. साने गुरुजी १९५०मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. (आधी पन्नास होता. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा, १९९२मध्ये, साठ केला.) म्हणजे 'श्यामची आई' १ जानेवारी २०११पासून सगळ्यांची. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी छापली गेली १९५२ला. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं छपाईपासून मोजतात, म्हणून तीही २०१३पासून मोकळी. आणि त्यांच्या शेजारच्याच ओळीत पु. ल. देशपांडे. ते २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत हक्क शाबूत. आणि त्यांच्या खाली आमचे गुरुजी, जिवंत, समोर बसलेले.

एकच साइट. अर्धी कायदेशीर, अर्धी नाही. पूर्ण काढली तर श्यामची आईही जाते. ठेवली तर गुरुजींचं पुस्तक राहतं.

हाच पेच आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर अनुभवलाय. सप्टेंबर २००३मध्ये सरकारने याहूवरचा एक गट बंद करायला सांगितला. तो मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी संबंधित होता. इंटरनेट कंपन्यांना एकच गट अडवता येईना, म्हणून त्यांनी सगळेच याहू ग्रुप अडवून टाकले. ज्यांचा मेघालयाशी काही संबंध नव्हता अशा देशभरातल्या हजारो गटांच्या गप्पा थांबल्या. ११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. दोन दिवसांनी काही मोजक्या पत्त्यांची यादी निघाली आणि पुन्हा तेच: कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसारख्या सेवाच्या सेवा अडवल्या. तेव्हा मराठी ब्लॉग नुकते बाळसं धरत होते आणि बरेचसे ब्लॉगस्पॉटवरच होते. पावसाळ्याच्या कविता लिहिणाऱ्याचं पानही दिसेना.

याच्या उलट वागलं ते मुंबई उच्च न्यायालय. २०१६च्या जुलैमध्ये एका हिंदी सिनेमाच्या निर्मात्याने शेकडो पत्त्यांची यादी आणून सगळ्या साइट बंद करा अशी मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती जशीच्या तशी मान्य केली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नेमका पत्ता दाखवा, तिथे चोरीची प्रत आहे हे तपासून दाखवा, आणि ज्याची साइट चुकून अडकली त्याला दाद मागायची वाट ठेवा. त्याच प्रकरणात आणखी एक मुद्दा निघाला. अडवलेल्या साइटवर 'हे पाहणं गुन्हा आहे, तीन वर्षं कैद होऊ शकते' असा इशारा झळकत होता. सिनेमाची चोरटी प्रत नुसती पाहणं कॉपीराइट कायद्यात गुन्हा नाही, तो गुन्हा प्रत वाटणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा, असं न्यायालयाने स्पष्ट केलं आणि इशाऱ्याचे शब्द बदलायला लावले.

माझ्यासारख्या यादीवाल्यासाठी यात सरळ शिकवण होती. साइट नको बघू, पान बघ.

यादी करणाऱ्याला कायदा काय म्हणतो

भारतात हा प्रश्न पहिल्यांदा जोरात आला तो २००४मध्ये. बाझी डॉट कॉम ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट. तिथे कुणीतरी एका अश्लील क्लिपची जाहिरात टाकली. कंपनीने ती काढली, पण डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांनाच अटक झाली. क्लिप त्यांनी बनवली नव्हती, टाकली नव्हती, बहुधा पाहिलीही नव्हती. देशभर चर्चा झाली: फळा ज्याचा, त्याच्यावर लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला तो जबाबदार का? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२मध्ये त्यांची सुटका झाली.

त्याआधीच कायदा बदलला होता. २००८च्या दुरुस्तीत 'मध्यस्थ' या शब्दाची व्याख्या मोठी केली. त्यात सर्च इंजिन आले, लिलावाच्या साइट आल्या आणि सायबर कॅफेसुद्धा आले. सायबर कॅफेंचा इतिहास महाराष्ट्राचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००१मध्ये, दोन नागरिकांच्या तक्रारीवरून, मुलांना कॅफेत अश्लील साइट सहज दिसतात याचा विचार करायला समिती नेमली होती. ओळखपत्र बघा, मुलांना बंद खोक्यात न बसवता उघड्यावर बसवा, अशा सूचना तिथून आल्या. पुढे तालुक्याच्या कॅफेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहिताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. त्या रजिस्टरमागचा विचार किती जुना, ते नंतर वाचलं.

मध्यस्थाला कलम ७९ संरक्षण देतं. २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणीही 'काढा' म्हटलं म्हणून मध्यस्थाने काढलंच पाहिजे असं नाही. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला तर काढायचं. कॉपीराइटसाठी वेगळी तरतूद आहे. मालकाने लेखी तक्रार केली तर ते पान एकवीस दिवस बंद ठेवायचं, तेवढ्यात त्याने न्यायालयाचा आदेश आणायचा.

पण या संरक्षणाला एक अट आहे. मजकूर निवडणं किंवा बदलणं हे मध्यस्थाने केलेलं नसावं. टपालखात्याने पाकीट फक्त पोचवावं. आणि डिरेक्टरीचा संपादक नेमकं तेच करतो ना? तो निवडतो. नाव लिहितो, वर्णन लिहितो, फळी ठरवतो. माझ्या यादीत त्या साइटपुढे मी स्वतः टाइप केलं होतं: 'मराठी पुस्तकांचा उत्तम मोफत संग्रह'.

'उत्तम' हा शब्द मशीनने लिहिला नव्हता.

जुन्या याद्यांकडून

इथपर्यंत आल्यावर मला वाटायला लागलं की या कामाला आधीचे कोणी गुरू असतीलच. होते.

इंग्रज सरकारने १८६७मध्ये छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा केला. प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारला द्यायची आणि सरकारने दर तीन महिन्यांनी यादी छापायची. यादीत पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छपाईचं ठिकाण, पानं, प्रती, किंमत असं सगळं. उद्देश बराचसा लक्ष ठेवण्याचा होता. पण उपयोग वेगळाच झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी साहित्याच्या वाढीवर लिहिलं ते अशा सरकारी याद्यांच्या आधाराने. पुढे शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' केली. पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा. मराठीतल्या पहिल्या मोठ्या डिरेक्टरीचा संपादक कोण असं विचारलं तर मी त्यांचं नाव घेईन. एका माणसाने सगळं आयुष्य यादीत घातलं.

आणि बंदीचीही यादी असायची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७मध्ये रंगमंचावर आलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला. १९१०मध्ये बंदी आली. त्या वर्षीच्या प्रेस कायद्याने पुस्तकं जप्त करायचा अधिकार सरकारला दिला. पण त्यातही एक अट होती: जप्तीची सूचना राजपत्रात छापायची आणि कारण लिहायचं. जप्त केलेली पुष्कळ पुस्तकं लंडनच्या ग्रंथालयात जपली गेली. बंदीच्या त्या नोंदींमुळेच आज अभ्यासकांना काय काय लिहिलं जात होतं ते कळतं. आणि काल बेकायदा असलेलं 'कीचकवध' आज अभ्यासाचं नाटक आहे.

आता तुलना करा. आजच्या वेबसाइट बंदीचे नियम २००९चे आहेत. त्यातला सोळावा नियम म्हणतो की तक्रारी आणि त्यावरची कारवाई गुप्त ठेवायची. म्हणजे १९१०च्या परक्या सरकारला कारण छापावं लागत होतं आणि आज कोणती साइट का बंद आहे ते बघायला आपल्याकडे उघडी यादी नाही. दहशतवादासारख्या बाबतीत गुप्तता लागत असेल, समजू शकतो. पण प्रत्येक बाबतीत?

माझ्या लक्षात राहिलं ते हे, की काढणं ही पण एक नोंद असते आणि तिलाही कारण लागतं. डीमॉझमध्ये संपादक एखाद्या साइटला टीप जोडू शकायचे, ती फक्त इतर संपादकांना दिसायची. पुढच्या माणसाला कळावं की ही साइट आधी आली होती, तिचं काय झालं, का झालं. आज मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो तिथे आमच्या प्रॉडक्टमध्ये 'या पत्त्यांच्या लिंक दाखवू नका' अशी एक फाइल आहे. हजारो ओळी. एकाही ओळीपुढे कारण नाही. मी विचारलं, तर कोणालाच माहीत नव्हतं. ती घालणारे कधीच नोकरी सोडून गेलेत. त्यात एका मराठी दिवाळी अंकाची साइटही सापडली. कशामुळे, ते आता देवालाच ठाऊक.

पाचशे रुपयांची नोंद

एक प्रसंग सांगायचा राहिला. त्याच वर्षी माझ्या यादीच्या फॉर्मवर कुणीतरी 'सरकारी नोकरी' नावाची साइट सुचवली होती. राजमुद्रा, तिरंगा, रेल्वेभरतीचा अर्ज, पाचशे रुपये फी. पत्त्याच्या शेवटी सरकारी साइटला असतं ते 'जीओव्ही डॉट इन' नव्हतं. मी ती यादीत घेतली नाही आणि आपण सावध आहोत म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी कळलं की आमच्याच गल्लीतल्या एका मुलाने तिथे पैसे भरले. व्हॉट्सअ‍ॅपवरून लिंक आली होती. तो म्हणाला, "तुले मालूम होतं तं सांगतलं काऊन नाई?"

खरंच होतं. मी ती साइट टाळली होती, पण का टाळली ते कुणालाच सांगितलं नव्हतं. न घेतलेली नोंद कुणाला दिसत नाही. तेव्हापासून माझ्या यादीत एक पान वाढलं: 'सरकारी साइट कशी ओळखावी'. त्यात कोणाचं नाव नाही, नुसत्या खुणा. सगळ्या नोंदींत सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच आहे.

मग गुरुजींच्या पुस्तकाचं काय झालं

त्या दिवशी ओट्यावर बसूनच मी ती लिंक काढली. मला कुठल्या न्यायालयाचा आदेश नव्हता, लेखी तक्रारही नव्हती. समोरचा माणूस खरं बोलत होता, तेवढं पुरेसं होतं.

मग पुढचे दोन महिने मोकळ्या झालेल्या पुस्तकांसाठी चांगली घरं शोधली. मराठी विकिस्रोत सापडला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्वतःच बरीच पुस्तकं मोफत देतं हे कळलं. इंटरनेट आर्काइव्हवरची पुस्तकं एकेक करून पाहिली, लेखकाचं मृत्यूवर्ष शोधलं, साठ मिळवले, मग नोंद केली. आधी एका ओळीत झालेलं काम आता शंभर-सव्वाशे ओळींचं झालं. काढलेल्या साइटची टीपही लिहिली: कधी काढली, का, कोणाच्या सांगण्यावरून.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी गुरुजींना सांगायला गेलो. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पुस्तकापायी मले नाशिकवरून फोन आल्ता. ममईवरून बी. पोरं शिकतात म्हने वऱ्हाडी." आणि थोडं थांबून, "विचारलं असतं तं देल्लंच असतं ना बापा."

म्हणून मी विचारलं.

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. चार महिने लावले. छापलेल्या आवृत्तीत चुका होत्या, त्या त्यांना आधी दुरुस्त करायच्या होत्या. चोरट्या पीडीएफमध्ये दोन पानं गाळलेली होती आणि त्याच पानांवर त्यांच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या म्हणी होत्या, याचा त्यांना सगळ्यात जास्त राग होता. उन्हाळ्यात त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केलेली प्रत माझ्या हातात दिली. मी ती टाइप केली, त्यांनी दोनदा तपासली.

त्या पीडीएफवाल्या साइटचा पत्ता आता लागत नाही. तसल्या दहा नव्या निघाल्यात आणि कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर गुरुजींची जुनी, दोन पानं कमी असलेली प्रत अजून फिरत असेल. ती मी थांबवू शकत नाही. माझी यादीही आता दिवसाला जेमतेम वीस-पंचवीस माणसं बघतात.

पण 'पुस्तके'मध्ये 'बोली' या फळीवर वरून तिसरी नोंद त्यांची आहे. नाव, लेखक, पानं. वर्णनात मी 'उत्तम' लिहिलेलं नाही. लिहिलंय: 'दुरुस्त आवृत्ती. लेखकाच्या परवानगीने.'